दोघांची कंपनी

"तुमच्या कंपनीला कळवा ना," मॅनेजर फोनवर म्हणाला.

"साहेब, माझी कंपनी म्हणजे मीच."

"मग झालं तर. कळलंच की तुम्हाला."

फोन बंद झाला. मेकॅनिक बांधाच्या पायथ्याशी उकिडवा बसला होता, तसाच बसून राहिला. काल इथे नुसती ओल होती. आज पाणी होते. करंगळीएवढी धार, पण वाहती. त्याने ती पत्र्याच्या डब्यात धरली आणि डबा उन्हात तिरका केला. तळ्यातले पाणी नारिंगी असले तरी नितळ असते. डब्यातले गढूळ होते. नुसते पाणी झिरपते तोवर बांध जागेवर असतो. पाण्याबरोबर माती यायला लागली की तो आतून पोखरला जात असतो, आणि मग तो सांगून फुटत नाही.

त्याच्या डोक्यावर दुमजली घराएवढा मातीचा बांध होता आणि बांधाआड तळे. कारखान्यात पोलादाचे पत्रे अ‍ॅसिडात बुडवून त्यांचा गंज काढत. वापरलेले अ‍ॅसिड आणि धुण्याचे पाणी पाइपाने तळ्यात येई. पाइप आताही ओकत होता. मेकॅनिकच्या पाठीमागे उतार होता आणि उताराच्या तळाशी वस्ती. त्या वस्तीत त्याची थोरली बहीण राहत होती. इथून तिच्या घराचे निळे छप्पर दिसे.

तो तळ्याच्या पंपावर कामाला लागला तेव्हा तळे कारखान्याचेच होते. बांधाला ओल दिसली असे त्याने सांगायचा अवकाश, मॅनेजर गमबूट घालून स्वतः यायचा आणि दुसऱ्या दिवशी चिकणमातीचे ट्रक उभे राहायचे. मॅनेजरचा तळ्यावर जीव होता असे नाही. ते फुटले असते तर कोर्टात मॅनेजर उभा राहिला असता, आणि त्याच्या वरचे साहेबही.

मग दूर कुठेतरी दुसऱ्याच एका कारखान्याचे तळे फुटले. तिथल्या मोठ्या साहेबांना बेड्या घालून नेताना सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. इथले साहेब हादरले. बैठकांवर बैठका झाल्या. बाहेरून वकील आले, नाकाला रुमाल लावून तळ्याभोवती फिरले. मेकॅनिकला वाटले, आता बांध दगडात बांधून काढणार. त्याने बायकोला तसे सांगितलेही.

बैठका संपल्या आणि एक रंगारी आला. त्याने आवारातून, पंपघराच्या अलीकडून, जमिनीवर एक पिवळी रेघ मारली. रेघेच्या या बाजूला कारखाना. त्या बाजूला तळे, पंपघर आणि एक नवी कंपनी.

त्याच आठवड्यात मॅनेजरने मेकॅनिकला केबिनमध्ये बोलावले आणि बसायला खुर्ची दिली. आजवर कधी दिली नव्हती.

"इतकी वर्षं तळं तुम्हीच सांभाळलंत. आता डायरेक्टर व्हा त्याचे."

"साहेब, मला त्यातलं काही कळत नाही."

"कळायचंय काय त्यात? काम तेच, पगार तोच. दोन डायरेक्टर लागतात. दुसरं घरातलंच माणूस असलेलं बरं. वहिनींची सही चालेल."

सही करण्याआधी बायकोने एकच विचारले. "मला करायचं काय असतं?"

"काही नाही," मॅनेजर म्हणाला. "नुसतं असायचं."

घरात थट्टेला ऊत आला. ताईचा नवरा मुळातच बोलघेवडा. "आमचा मेहुणा फार तर कंडक्टर होईल असं वाटलं होतं," भावोजी भेटेल त्याला सांगत. "एकदम डायरेक्टर झाला! आता आम्हाला गाडी कधी पाठवताय, साहेब?" मेकॅनिक लाजायचा. पण त्याला बरेही वाटायचे, हे त्याने कोणाला सांगितले नव्हते.

कारखाना नव्या कंपनीला पगारापुरते आणि डिझेलपुरते पैसे देई. मातीचे पैसे त्यात कधी आले नाहीत. आणि मॅनेजरचे गमबूट पुन्हा रेघ ओलांडून आले नाहीत.

मेकॅनिकने डबा ओतला आणि तो कारखान्याच्या फाटकाकडे निघाला.

"कोणाला भेटायचंय?" वॉचमनने खिडकीतून विचारले.

"मामा, आज तरी नको."

"मला काय हौस आहे का? बाहेरच्या कंपनीचा माणूस तू. पास फाडावाच लागतो. हं, हुद्दा?"

"माहीत आहे ना तुम्हाला."

"तोंडानं सांगावं लागतं, डायरेक्टरसाहेब." वॉचमन हसत वर पाहू लागला आणि त्याचे हसू मावळले. "काय झालं रे?"

"बांधातून माती यायला लागलीय."

वॉचमनने पेन खाली ठेवले. "जा. पासाचं बघतो मी."

आवारात, पिवळ्या रेघेला जवळजवळ टेकून, पोकलेन उभा होता. चालवणारा आत पाय वर घेऊन झोपला होता. मेकॅनिक पळतच ऑफिसात गेला.

कायद्याचे काम बघणारी मॅडम त्याच्या पुतणीच्या वयाची होती. पूर्वी ती त्याला काका म्हणे. रेघ मारल्यापासून सर म्हणू लागली होती. बहुधा तसे म्हणायचे ठरले असावे. मॅनेजर तिच्या शेजारी मोबाइल चाळत बसला होता.

"बसा, सर."

"मॅडम, बसायला वेळ नाही. एक दिवस पोकलेन द्या. आणि तळ्यात पाणी सोडणं थांबवा. मी बांधाला बाहेरून माती लावून घेतो. स्वतः उभा राहतो."

"मशीन कारखान्याची आहे, सर."

"म्हणूनच मागतोय."

"आणि तळं तुमचं आहे." तिने हे सावकाश, पाठ असल्यासारखे म्हटले. "आमची मशीन तिकडे गेली, आमच्या माणसानं माती टाकली, तर उद्या कोर्ट म्हणेल की तळं खरं तर कारखानाच चालवतो. मधली कंपनी नुसती नावाची आहे. मग सगळं इकडे येतं. हात लावला की आपलं झालं, असं असतं ते."

"आणि नाही लावला तर?"

"तर आमचं नाही."

"बरं, पाणी तरी बंद करा. व्हॉल्व्ह तुमच्या बाजूला आहे."

"अचानक बंद केलं तर का केलं, असं विचारतील. धोका माहीत होता म्हणून केलं, असा अर्थ होईल."

"मी आत्ता सांगितला की धोका. माहीत झालाच."

मॅनेजरने पहिल्यांदा मान वर केली. "काय सांगितलंत? मी तर काही ऐकलं नाही."

मॅडम टेबलाकडे बघत राहिली. "तुमच्या बोर्डानं बाहेरून मशीन भाड्यानं घ्यावी, सर."

"कशातून घ्यावी?"

"ते बोर्डानं ठरवायचं असतं."

मेकॅनिकने हात जोडले. आपण हात जोडतो आहोत हे त्याला जोडल्यावर कळले. "साहेब, खाली माझी बहीण राहते."

"मग बोलवा ना तिला चार दिवस घरी," मॅनेजर म्हणाला. तो हे चांगुलपणाने म्हणाला होता.

बाहेर जिन्यापाशी मागून चपलांचा आवाज आला. "काका." मॅडमने आजूबाजूला पाहून घेतले. "मी हे बोललेच नाही असं समजा. वस्तीत जाऊन काही सांगू नका. तळं फुटणार आहे हे तुमच्या तोंडून निघालं, की ती कबुली धरतात. माहीत असून काही केलं नाही, असं होतं. गप्प राहिलात तर अपघात म्हणून बाजू मांडता येईल. तुमच्या एकट्याचं नाही हे. काकूंचीही सही आहे."

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मी तुमच्या जागी नाही ना," ती म्हणाली. तिने तेच पुन्हा म्हटले आणि ती परत गेली.

पोकलेनवाला जागा झाला होता. मेकॅनिकने काही मागायच्या आतच तो म्हणाला, "माझी नोकरी जाईल, काका." मेकॅनिकने पंपघरातून फावडे काढले. बांधाच्या पायथ्याशी धार आता अंगठ्याएवढी झाली होती. त्याने तिच्यावर माती टाकली, ती वाहून गेली. दगड टाकले, पाणी दगडांच्या बगलेतून आले. तो माती टाकत राहिला, पाणी ती नेत राहिले. बराच वेळ हे चालले. मग त्याने फावडे तिथेच टाकले आणि घर गाठले.

बायको कांदा चिरत होती. तो दारातच, चपला न काढता, सगळे सांगून मोकळा झाला. ती चिरतच राहिली.

"म्हणजे गप्प बसलं तर आपण वाचू?"

"अंगावर येणारच. पण गप्प बसलो तर अचानक झालं असं म्हणता येईल. सांगितलं तर माहीत होतं म्हणतील. मग तुरुंग. तुलाही."

"मी तर ते तळं एकदाच बघितलंय. तुम्ही डबा विसरला होता तेव्हा."

"हो."

"आणि इतका वास आला की परत जायचं नाव नाही काढलं." तिने सुरी खाली ठेवली. "नुसतं असायचं म्हणाले होते मेले."

"तू घरीच राहा. मी एकटा जातो. तुला काही माहीतच नव्हतं, असं सांगू."

"आत्ता सांगितलंत की."

"समज, नाही सांगितलं."

"मॅनेजरसारखं बोलू नका माझ्याशी."

तो भिंतीला टेकला. त्याच्या विजारीच्या कडांवरून नारिंगी पाणी लादीवर निथळत होते. बायकोने ते पाहिले. एरवी ती ओरडली असती.

"बोर्डात दोघंच ना आपण?"

"दोघंच."

"मग मला विचारा."

"काय विचारू?"

"काय करायचं ते विचारा. मी पण आहे ना त्यात?"

मेकॅनिकला हसू येईना आणि रडूही. "काय करायचं?" त्याने विचारले.

"सांगायचं तर सगळ्यांना सांगायचं. एकट्या ताईंना घरी आणून वाढायचं, आणि बाकीचे तिकडे... मला नाही जमायचं ते. घास उतरायचा नाही." तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि ती पायात चपला सरकवू लागली. "झाली तुमची मीटिंग. चला."

वस्तीत दुपारची सुस्ती होती. भावोजी ओट्यावर खाटेवर पडले होते. ते कोपरावर उठले. "या, या! आज डायरेक्टरांचा सहकुटुंब दौरा?"

"भावोजी, उठा. सगळ्यांना वर रस्त्यावर न्या. तळं फुटणार आहे."

"हे मी लग्न झाल्यापासून ऐकतोय."

ताई हात पुसत बाहेर आली. आवाज ऐकून शेजारपाजारचे जमले. मेकॅनिकने पुन्हा सांगितले. कोणी हलले नाही. मागे एकदा अशीच आवई उठली होती. लोक अख्खा दिवस रस्त्यावर बसून परत आले, तर निम्म्या घरांतली भांडी चोरीला गेली होती. ते कोणी विसरले नव्हते.

"कारखाना सांगतोय का असं?" एका तरुण बाईने विचारले.

"कारखाना नाही सांगणार."

"मग तू कोण सांगणारा? पंपवाला ना तू?"

"त्याला काय विचारता," मागून कोणीतरी म्हणाले, "ऊन लागलंय त्याला." लोक हसले. हसणाऱ्यांपैकी एकाने मोबाइल त्याच्यासमोर धरला. "बोला, बोला. सगळ्यांना दाखवतो."

मेकॅनिकने मोबाइलकडे पाहिले. मग बायकोकडे पाहिले. तो शब्द आजवर दुसऱ्यांनीच त्याच्यासाठी वापरला होता, तोही थट्टेने. त्याच्या तोंडून तो कधी निघाला नव्हता.

"मी त्या कंपनीचा डायरेक्टर आहे," तो म्हणाला. "तळं आमचं आहे. बांध आतून पोखरलाय. तो फुटणार हे मला माहीत आहे. सकाळपासून माहीत आहे."

कोणी हसले नाही. बायको पुढे सरकली आणि त्याच्याजवळ, मोबाइलसमोर उभी राहिली. तिला कोणी काही विचारले नव्हते. "मी दुसरी डायरेक्टर," ती म्हणाली. "मलाही माहीत आहे."

भावोजींनी खाटेवरून पाय खाली घेतले.

ताईने भावाकडे एकटक पाहिले. "सकाळपासून माहीत होतं," ती म्हणाली, "आणि आत्ता सांगतोस?"

 तिच्या या वाक्यानेच लोक हलले. ज्याला त्याची सख्खी बहीण असे बोलते तो खोटे बोलत नसणार, असे त्यांना वाटले असावे. दारे वाजू लागली. मुलांना हाका सुरू झाल्या. एका म्हातारीला खुर्चीसकट उचलले; ती खुर्चीतून सगळ्यांना शिव्या देत होती. मेकॅनिकची बायको एका काखेत कोणाचे तरी मूल आणि एका हातात कोणाचे तरी गाठोडे घेऊन चढण चढली. लोक रस्त्यावर पोचले तरी खाली शेळ्या ओरडत होत्या. मेकॅनिक परत उतरला आणि दावी सोडत घरामागून घर फिरू लागला.

फार मोठा आवाज झाला नाही. ओले पोते फाडावे तसा झाला. मग बांधाचा मधला भाग खाली बसला आणि त्यातून नारिंगी चिखल उभाच्या उभा बाहेर आला. तो घाईत वाटत नव्हता. त्याने पहिल्यांदा विहीर घेतली, मग भाजीचे वाफे, मग घरे. निळे छप्पर काही वेळ तसेच दिसत होते. नंतर ते एका कुशीवर कलले. मेकॅनिक शेवटची शेळी ढकलत चढणीला लागला तेव्हा चिखलाने त्याचे घोटे गाठले होते.

माणूस कोणी गेले नाही. रस्त्यावर लोकांनी आपापली माणसे पुन्हा पुन्हा मोजली. त्यानंतर ते खाली बघू लागले, आणि मग रडणे सुरू झाले.

तेवढ्यात वर कारखान्याच्या आवारात पोकलेन सुरू झाल्याचा आवाज आला. सगळ्यांनी तिकडे पाहिले. पोकलेन पिवळ्या रेघेपर्यंत आला, थांबला, आणि रेघेच्या अलीकडे, कारखान्याच्या बाजूला, मातीचा ढीग रचू लागला. गाळ आवारात येऊ नये म्हणून. मॅनेजर गमबूट घालून शेजारी उभा होता आणि हाताने खुणा करत होता. काम नीट चालले होते.

पोलीस संध्याकाळ व्हायच्या आत आले. ते आधी कारखान्यात जाऊन आले होते. तळ्याशी कारखान्याचा काही संबंध नाही, हे त्यांना तिथे समजले होते.

"डायरेक्टर कोण?" इन्स्पेक्टरने विचारले.

मेकॅनिकने हात वर केला. त्याची गरज नव्हती, लोकांची बोटे त्याच्याकडे गेलीच होती. मोबाइलवाला पुढे झाला आणि त्याने इन्स्पेक्टरला मोबाइलमधले चित्रण दाखवले. इन्स्पेक्टरने ते दोनदा पाहिले.

"असं कोण बोलतं स्वतःच्या तोंडानं?" तो म्हणाला. मग बायकोला म्हणाला, "तुम्हीपण."

"यांनीच बाहेर काढलं आम्हाला," खुर्चीतली म्हातारी म्हणाली.

"आणि तळं कोणाचं मग?" ती तरुण बाई ओरडली. ती मेकॅनिकच्या अगदी समोर आली. "माझी विहीर दे. तुझं तळं ना? दे माझी विहीर!" तिने त्याच्या सदऱ्याला धरून त्याला हलवले. त्याने हलू दिले. भावोजी जवळच उभे होते. 

"चला, बसा गाडीत," इन्स्पेक्टर म्हणाला.

"थांबा," ताई म्हणाली.

ती गर्दीतून आली. तिच्या कमरेवर पाण्याचा हंडा होता. घरातून निघताना बाकी सगळे सोडून तिने तेवढाच उचलला होता. तिने भावाच्या पायांकडे पाहिले. चपलेचे पट्टे विरघळत आले होते. घोट्यापर्यंत कातडी लाल झाली होती आणि एका ठिकाणी सुटू लागली होती. त्याला हे कळत होते की नाही, कोण जाणे.

"पाय पुढे कर."

"ताई, ते प्यायला ठेव. आता विहिरीचं..."

"पुढे कर म्हणते ना."

त्याने पाय पुढे केला. तिने हंडा तिरका केला आणि बारीक धार सोडली, एका पायावर, मग दुसऱ्यावर. बायको खाली बसून बोटांच्या बेचक्यांतला गाळ काढू लागली. रस्त्यावर नारिंगी ओघळ गेला, मग फिकट, मग नुसत्या पाण्याचा. इन्स्पेक्टर दुसरीकडे बघत उभा राहिला. आसपासची तहानलेली मुले धारेकडे बघत होती. ताईने थेंब संपेपर्यंत हंडा तसाच उपडा धरला. 

दोघे जीपमध्ये बसले. दार लागले.

ताईने हंडा पुन्हा कमरेवर घेतला. एका हाताने काठ धरला आणि भरलेल्या हंड्यासाठी वाकावे लागते तशी किंचित एका बाजूला वाकून, जीप वळणाआड जाईपर्यंत, ती तिथेच उभी राहिली.